प्रिसिजन की जॅझ? दोन बेस गिटारी आणि निवडीचा इतिहास

 रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे इतिहासाच्या अंगानं पाहायचं, असं आपण ठरवलंय. आजची वस्तू काहींना अनपेक्षित वाटेल. विजेवर वाजणारी बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, आणि तिची दोनच मॉडेलं: फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस आणि त्याच कंपनीची जॅझ बेस. आम्ही वाजवणारे नव्हे, ऐकणारे. हयात गेली तत्त्वज्ञान शिकवण्यात. पण 'दोन जवळजवळ सारख्या वस्तूंतून एक कशी निवडायची' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, म्हणून हे धाडस.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आता खरोखर विचारला जातो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात वाजवणारी तरुण मुलं कमी नाहीत. लग्नसराईत, गणपतीत चार पैसे मिळतात, ते साठवून वाद्य घ्यायचं असतं. एकदा घेतलं की पाच-सात वर्षं बदलता येत नाही. मग ही मुलं महिनोन्महिने दोन फोटो शेजारी ठेवून बसतात. दोन्हीला चार तारा, दोन्हीची तारेची लांबी ३४ इंच, दोन्हीचे सूर तेच, किंमतही आसपास. फरक काय?

लायब्निट्सनं १७१६ साली क्लार्कला लिहिलेल्या एका पत्रात गमतीची हकीकत आहे. हेरेनहाउसेनच्या बागेत इलेक्ट्रेस सोफियासमोर चर्चा चालली होती. कोणत्याही दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात, हे लायब्निट्सचं मत. एका हुशार गृहस्थाला ते पटेना. सोफिया म्हणाली, दाखवा बरं सारखी दोन पानं! गृहस्थ बागभर हिंडले, पानं काही सापडली नाहीत. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात तर 'विशेष' नावाचा स्वतंत्र पदार्थच मानलाय. दोन परमाणू इतर सर्व बाबतीत सारखे असले तरी त्यांना वेगळं ठेवतो तो 'विशेष'. या दोन गिटारींमधला 'विशेष' कुठे सापडतो? आमचं म्हणणं असं की तो त्यांच्या जन्मकथेत सापडतो. दोघी वेगवेगळ्या अडचणींवरचे उपाय म्हणून जन्मल्या. ती अडचण कळली की आपली निवड निम्मी झालीच.

आता जन्मकथा. १९५०च्या आधी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचं काम उभ्या डबल बेसकडे होतं. माणसाहून उंच, नाजूक, मोटारीच्या टपावर बांधून न्यायचं वाद्य. बाजूला ड्रम आणि तुताऱ्या सुरू झाल्या की त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. शिवाय त्याला पडदे नाहीत. सूर बोटांनी अंदाजानं शोधायचा. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कनं १९३०च्या दशकातच आडवी धरायची, पडदे असलेली विजेची बेस बनवली होती. पण ती चालली नाही. कल्पना आधी सुचते आणि तिची वेळ नंतर येते, हे इतिहासात नेहमीचंच.

ती वेळ आणली लिओ फेंडरनं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५१च्या अखेरीस त्यानं नवी बेस बाजारात आणली आणि नाव ठेवलं प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा. हा अचूकपणा पडद्यांचा. बोट पडद्यामागे ठेवलं की सूर बरोबर लागणारच. पाठोपाठ १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर आला. लायोनल हॅम्प्टनच्या जॅझ वाद्यवृंदात मंक माँटगमरीनं ही गिटार हाती घेतली आणि लोकांचं लक्ष गेलं.

पुढे १९५७ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडून त्याची वीज करणारा भाग. पूर्वी तो एकसंध होता, आता त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोन्हींची गुंडाळी अशी उलटसुलट केली की बाहेरच्या विजेमुळे येणारा 'घूंऽऽ' असा आवाज आपसात कटून जातो. आजची प्रिसिजन मुळात ही १९५७ची प्रिसिजन आहे. एक पिकअप, एक आवाजाचं बटण, एक टोनचं बटण. आवाज भरदार, मधल्या पट्टीत घट्ट. गर्दीत उभा राहणारा.

मग तीनच वर्षांनी दुसरी कशाला? १९६० मध्ये फेंडरनं जॅझ बेस आणली ती वरच्या दर्जाचं मॉडेल म्हणून. कंपनीची जॅझमास्टर गिटार १९५८ मध्ये आलीच होती. तिच्यासारखा एका बाजूला कललेला कमरेचा आकार हिला दिला. दांडी खुंट्यांकडच्या टोकाला दीड इंच रुंद ठेवली. तेव्हाच्या प्रिसिजनची तिथे पावणेदोन इंच होती. पाव इंचाचा फरक, पण दोन तास वाजवून मनगट दुखायला लागलं की पाव इंच म्हणजे काय ते कळतं. आणि पिकअप दोन: एक मध्यावर, एक घोडीजवळ. घोडीजवळची तार ताठ असते, तिथला आवाज कडक, स्पष्ट. दोन्हींचं प्रमाण बटणांनी कमीजास्त करून वादकानं आपला आवाज आपण घडवायचा, ही सोय. अचूकपणाचा प्रश्न सुटला होता, आता प्रश्न विविधतेचा होता. १९६५ मध्ये लिओ फेंडरनं कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. मालक बदलले, पण दोन्ही मॉडेलं चालू राहिली, ती आजतागायत.

इथं नावांबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. जॅझ बेस जॅझवाल्यांनी घ्यावी म्हणून ते नाव ठेवलं. घेतली मात्र रॉक आणि फंकवाल्यांनीही. लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स तिच्यावर वाजवत होता. अंगठ्यानं तार ठोकून वाजवायची पद्धत जिच्यावर खुलली तीही हीच. मार्कस मिलरची १९७७ची जॅझ बेस त्यासाठी प्रसिद्ध आहे. जॅझमध्ये तिचं नाव अजरामर केलं जाको पास्टोरियसनं, आणि त्यानं काय केलं? तिचे पडदेच काढून टाकले! ज्या पडद्यांसाठी हे सगळं सुरू झालं, तेच गेले. उलट प्रिसिजनचा सर्वांत मोठा वादक डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन. तो तालमीत जॅझचा होता. उजव्या हाताचं एकच बोट, जुन्या सपाट तारा, तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. दोन बटणांच्या त्या साध्या वाद्यातून त्यानं जी विविधता काढली, ती चार पिकअप लावूनही अनेकांना जमलेली नाही.

नावं फसवतात, हे आपल्या किनाऱ्यावर वेगळं सांगायला नको. हळदीच्या मांडवात वाजतो तो आपला 'बेंजो'. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं फक्त नावाचं. तो निघाला जपानच्या ताइशोगोतो या वाद्यापासून, जे १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तयार केलं. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य भारतात बुलबुलतरंग झालं, त्याला वीज लागली आणि आगरी-कोळी वस्त्यांत ते बेंजो म्हणून घरचं झालं. तिथं कोणी विचारलं नाही की हे जपानी की अमेरिकन. आपल्या गाण्याला त्याचा सूर बसला, एवढं पुरलं. वाद्य स्वीकारण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात डबल बेस होताच. १९६० आणि ७०च्या दशकांत विजेची बेस आली. राहुलदेव बर्मन यांच्या संचातले टोनी वाझ यांचं नाव जाणकार आदरानं घेतात. चरणजित सिंग यांनीही बेस वाजवली. १९८२ मध्ये सिंथेसायझरवर राग वाजवून पुढे जगभर नाव झालेले, तेच हे. पण त्या काळी सामान्य वादकाला निवड कसली? आयातीवर परवाने, जबर जकात. परदेशी वाद्य यायचं ते बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणाच्या सामानातून, आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाकडून, नाहीतर कोणी देश सोडताना विकलं म्हणून. जे मिळालं ते आपलं. १९९१ नंतर दारं हळूहळू उघडली. धोबीतलावला फुर्टाडोससारखं १८६५ सालचं जुनं दुकान आहे, मांडव्याहून बोटीनं गेलं की दिवसात जाऊन येता येतं. शिवाय आता सगळं घरपोच. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त नाममुद्रेखाली दोन्ही मॉडेलं मिळतात.

म्हणजे निवडीची चिंता ही आपल्याकडे फार तर एका पिढीची आहे. आधीच्यांनी हाती आलेल्या वाद्यातून संगीत केलं. याचा अर्थ निवड निरर्थक असा आम्ही काढत नाही. परवान्यांच्या काळाचे गोडवे गाण्याचं काही कारण नाही. कित्येकांना वाद्यच मिळालं नाही, त्यांचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. पण एवढं मात्र खरं की चुकीच्या मॉडेलमुळे कोणाचं संगीत अडलं नाही.

मग निवडायचं कसं? ब्युरिदानच्या गाढवाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. दोन सारख्या गंजींच्या मधोमध उभं राहून ते उपाशी मेलं. खुद्द ब्युरिदानच्या लिखाणात ते गाढव सापडत नाही, पण गोष्ट उपयोगी आहे. ते गाढव फक्त गंजींकडे पाहत होतं. आपण स्वतःच्या परिस्थितीकडे पाहायचं.

पहिला प्रश्न: वाजवणार कुठे? आपल्याकडे मांडवात जनरेटर, रोषणाई, डिमर, आणि अर्थिंगची बोंब. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले तर घूं आवाज कटतो. एक कमी केला की तो परत येतो, आणि एक कमीजास्त करणं हीच तर तिची खुबी. प्रिसिजनला हा त्रास एरवीही कमी. बहुतेक कार्यक्रम मांडवातले असतील तर हा मुद्दा जड आहे.

दुसरा प्रश्न: सोबत कोण आहे? हळदीत खर्ज बहुधा ढोलाकडे किंवा कीबोर्डच्या डाव्या हाताकडे असतो. त्या गदारोळात बेस घालायची तर भरदार, घट्ट आवाज हवा. तिथे प्रिसिजन टिकते. तीन-चार जणांचा संच असेल, प्रत्येक सूर वेगळा ऐकू यायला हवा असेल, अंगठ्याची ठोक हवी असेल, तर जॅझ. एकट्यानं खोलीत बसून ऐकलेला आवाज यात फसवतो. खोलीत जो आवाज रुंद आणि गोड वाटतो, तो संचात विरघळून जाऊ शकतो.

तिसरा प्रश्न हाताचा. बोटं आखूड असतील तर जॅझची अरुंद दांडी सोपी. आजच्या अनेक प्रिसिजनची दांडी पूर्वीपेक्षा बारीक, साधारण ४१ मिलिमीटर असते, म्हणून कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका, हातात घेऊन पाहा.

आणि मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ पाहून ठरवू नका. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही, तुम्ही ऐकता ती वरची स्वरछाया. निदान चांगला हेडफोन लावा. राहता राहिली आपली खारी, दमट हवा. ती दोन्हींच्या तारा सारख्याच गंजवते आणि पावसाळ्यात दोन्हींच्या दांड्या वाकवू शकते. तो मुद्दा निवडीचा नाही, वाजवून झाल्यावर फडक्यानं पुसून ठेवण्याचा आहे.

एवढं करूनही पारडी समान राहिली, तर चक्क नाणं उडवा. विचार करून जेवढा फरक सापडायचा तेवढा सापडला, उरलेला फरक आता वाजवूनच पडणार आहे. पैसे थोडे वाचले तर ते अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घाला. खर्जाला आवाज लागतो आणि तिथं काटकसर लगेच ऐकू येते. आपल्या कोळीगीतांना, आपल्या बेंजोला खाली एक चालतं-बोलतं खर्जाचं अंग मिळालं, तर ते ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर घेऊ या. वाजवणारे कोणी असतील तर त्यांनी आधी बोलावं, आम्ही ऐकतो.