केडगावचं दार

बायकांवरच्या अत्याचारांसाठी परदेशी निधी आला, की पहिला प्रश्न येतो, ‘लाभार्थी कोण?’ मंडळी, आपल्या पुणे जिल्ह्याला हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता.

पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दैन्यावर पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्यासाठी संस्था निघाली, दहा वर्षं पैसा द्यायचं ठरलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्यात आलं. केशवपन, छळ यांतून सुटलेल्या विधवा तिथे शिकू लागल्या. पण मुख्यतः उच्चवर्णीय! १८९३ मध्ये धर्मांतरावरून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची शंका निराधार होती, असं मला वाटत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेलेले. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, पळवल्या जाणाऱ्या पोरी शेकड्यांनी घेऊन आल्या. तिथे जात विचारत कोण बसणार? केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे तिथे अंध स्त्रियाही शिकल्या, ‘पतित’ ठरवलेल्यांसाठी कृपा सदन निघालं.

इकडे राजगुरुनगरात चाकणच्या कारखान्यांमुळे परप्रांतातली कुटुंबं भाड्याने राहतात. नवऱ्याने रात्री बाहेर काढलेल्या बाईचं रेशनकार्ड गावाकडे असतं, भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात जातीची, धर्माची अट नाही. पण जायचं कुठे, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नसतं.