शोधसुलभ संपर्क-माहिती आणि खासगीपणा

शोधसुलभ संपर्क-माहिती म्हणजे एखाद्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक, घराचा पत्ता, ई-मेल पत्ता अशी माहिती, जी आंतरजालावर नाव, क्रमांक किंवा अन्य एखादा धागा देऊन कोणालाही काही क्षणांत शोधून काढता येते. यांतील फारच थोडी माहिती गुप्त स्वरूपाची असते. शेजारी, नातेवाईक, दुकानदार, टपालवाला यांना ती ठाऊकच असते. म्हणून येथे खासगीपणाचा प्रश्न गुपित राखण्यापेक्षा वेगळा आहे: ओळखीच्या वर्तुळात उघड असलेली माहिती त्या वर्तुळाबाहेरील अनोळखी माणसाच्या हाती किती सहज पडावी, हा तो प्रश्न होय.

संकल्पना

छापील दूरध्वनी निर्देशिका हे उघड संपर्क-माहितीचे सर्वांत परिचित उदाहरण. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ मध्ये निघालेली पहिली निर्देशिका एका पानाची होती व तीत सुमारे ५० ग्राहकांची नावे होती. पुढे भारतातील मोठ्या शहरांतही जाडजूड निर्देशिका घरोघर पोहोचू लागल्या आणि दूरध्वनी दुर्मीळ असल्याच्या काळात आपले नाव तीत असणे प्रतिष्ठेचे मानले जाई. मात्र ही निर्देशिका आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली असे. जोशी किंवा पाटील आडनावाचे रकानेच्या रकाने भरत, त्यामुळे नेमका माणूस शोधायचा तर त्याचा पत्ता आधी ठाऊक असावा लागे. हाती केवळ क्रमांक असेल, तर त्यावरून नाव काढण्यासाठी सारे पुस्तक चाळणे हाच मार्ग होता. माहिती उघड होती, तरी ती मिळवण्याचे कष्ट हेच तिचे कुंपण होते.

या कुंपणाला कायद्याच्या भाषेत स्थान मिळाले ते १९८९ मध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी एका निकालात असे म्हटले की, निरनिराळ्या न्यायालयांच्या दप्तरांत विखुरलेली नोंद आणि त्याच नोंदींचा संगणकाने केलेला एकत्र गोषवारा यांत मोठा फरक आहे. विखुरलेपणामुळे माणसाला जो आडोसा मिळतो त्याला न्यायालयाने ‘व्यावहारिक अप्रकटता’ या अर्थाचा शब्दप्रयोग वापरला. शोधयंत्रांनी नाहीसा केला तो हाच आडोसा.

मराठी मजकुराला असा आडोसा काही वर्षे आपोआप लाभला होता. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या टंकांत तयार केलेल्या पीडीएफ धारिका वाचकाला देवनागरी दिसत, पण शोधयंत्राला ती निरर्थक अक्षरांची रांग वाटे. युनिकोड सार्वत्रिक झाल्यावर मराठी मजकूर शोधता येऊ लागला, ही भाषेच्या दृष्टीने निःसंशय इष्ट गोष्ट घडली. तिच्याबरोबर नावे आणि पत्तेही शोधण्याजोगे झाले.

माहिती शोधसुलभ कशी होते

पुष्कळदा ही माहिती कोणी चोरलेली नसते. वधूवर मेळाव्याची सूची, ज्ञाती संस्थेची सभासद-यादी, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गृहनिर्माण सोसायटीच्या सदस्यांचा तक्ता, स्पर्धेच्या निकालपत्राला जोडलेली स्पर्धकांची यादी, या साऱ्या धारिका सद्हेतूने संकेतस्थळावर चढवल्या जातात आणि काम संपल्यावर काढून टाकण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. वधूवर सूचीचे उदाहरण विशेष बोलके आहे. तीत मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, वडिलांचा भ्रमणध्वनी आणि पत्ता अशी माहिती एकाच चौकटीत असते. मेळाव्याच्या मंडपात शंभर प्रती वाटण्यासाठी दिलेली संमती ही जगभर कायमची प्रसिद्धी करण्याची संमती नव्हे. परंतु सूची आंतरजालावर ठेवताना हा भेद क्वचितच पाळला जातो.

दुसरा मार्ग इतरांच्या दूरध्वनी-वहीतून जातो. क्रमांकावरून नाव दाखवणाऱ्या सेवांचा पाया अनेक वापरकर्त्यांकडून गोळा झालेली माहिती हा असतो. त्यामुळे ज्याने असे ॲप कधीही घेतलेले नाही, त्याचेही नाव तेथे असू शकते, आणि तेही ‘प्लंबर’, ‘काकू पुणे’ अशा, दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेल्या रूपात. समाजमाध्यमांतही असाच दरवाजा होता. फेसबुकवर दूरध्वनी क्रमांक टाकून व्यक्ती शोधण्याची सोय होती. ती कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये बंद केली. मात्र संपर्क-यादी चढवून ओळखीची माणसे शोधण्याच्या सोयीचा गैरवापर करून ५० कोटींहून अधिक खात्यांची माहिती गोळा केली गेली होती आणि ती एप्रिल २०२१ मध्ये आंतरजालावर खुली झाली. या प्रकरणी आयर्लंडच्या विदा संरक्षण आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीला २६.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

तिसरा स्रोत सरकारी नोंदींचा. महाराष्ट्रातील ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर सातबारा उतारा गट क्रमांकाप्रमाणेच खातेदाराच्या नावावरूनही शोधता येतो. जमिनीचे व्यवहार पारदर्शक राहावेत म्हणून ही सोय आवश्यकच आहे. तथापि तलाठी कार्यालयात जाऊन उतारा मागणाऱ्यास गाव ओळखत असे. घरबसल्या शोध घेणाऱ्याला कोणी ओळखत नाही, हा फरक उरतो.

परिणाम

नकोसे विक्री-दूरध्वनी आणि फसवे संदेश हा सर्वांना जाणवणारा, पण सर्वांत सौम्य परिणाम. गंभीर परिणाम पत्त्याशी निगडित आहेत. अमेरिकेत १९८९ मध्ये रिबेका शेफर या अभिनेत्रीची तिच्या घराच्या दारात हत्या झाली. मारेकऱ्याने तिचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून मिळवला होता. या घटनेनंतर वाहनचालकांची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालणारा संघीय कायदा १९९४ मध्ये झाला. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतील न्यायाधीश एस्टर सॅलस यांच्या घरी वस्तू पोहोचवणाऱ्याच्या वेशात आलेल्या हल्लेखोराने त्यांचा मुलगा डॅनियल याला ठार केले. हल्लेखोराने त्यांच्याविषयीची माहिती आधी जमवलेली होती. त्याच वर्षी न्यू जर्सीत न्यायाधीश व पोलीस यांचे पत्ते प्रसिद्धीपासून वगळण्याचा कायदा डॅनियलच्या नावाने झाला.

भारतातील सर्वांत बोधक उदाहरण विशेष विवाह अधिनियम, १९५४ याचे आहे. या कायद्याखाली विवाह करू इच्छिणाऱ्यांना नोटीस द्यावी लागते. तीत नाव, वय, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असते. विवाह अधिकाऱ्याने ती कार्यालयात ठळक जागी लावावयाची आणि ३० दिवस आक्षेपांची वाट पाहावयाची असते. १९५४ मध्ये ‘ठळक जागा’ म्हणजे कार्यालयाची भिंत होती. केरळमध्ये या नोटिसा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही टाकल्या जाऊ लागल्या. तेथून त्या उचलून आंतरधर्मीय जोडप्यांची छायाचित्रे व पत्ते समाजमाध्यमांवर विद्वेषी मजकुरासह फिरवले गेले. तक्रारींनंतर केरळ सरकारने जुलै २०२० मध्ये संकेतस्थळावरील प्रसिद्धी थांबवली; कार्यालयातील भिंतीवरची नोटीस मात्र कायम राहिली. कायद्याचा शब्द बदलला नव्हता, भिंत बदलली होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जोडप्याने लेखी विनंती केल्यासच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निर्णय दिला.

करोनाच्या साथीतही हाच प्रश्न उद्भवला. मार्च २०२० मध्ये कर्नाटक सरकारने घरी विलगीकरणात असलेल्या व्यक्तींच्या पत्त्यांसह याद्या प्रसिद्ध केल्या आणि त्या संदेशांद्वारे सर्वत्र पसरल्या.

भारतातील कायदा

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. तोवर या विषयाचा आधार मुख्यतः माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० व त्याखालील २०११ चे नियम हाच होता. या नियमांनी ‘संवेदनशील’ ठरवलेल्या माहितीत परवलीचा शब्द, आर्थिक तपशील, आरोग्य इत्यादींचा समावेश होता. दूरध्वनी क्रमांक आणि घराचा पत्ता यांचा नव्हता.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने ही वर्गवारी सोडून दिली आणि व्यक्तीची ओळख पटवणारी कोणतीही डिजिटल माहिती आपल्या कक्षेत घेतली. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करवून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे; उल्लंघनास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य कर्तव्यांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मात्र व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेली माहिती, तसेच कायद्याने प्रसिद्ध करणे भाग असलेली माहिती, यांना हा अधिनियम लागू होत नाही. ज्याने एकदा आपला क्रमांक समाजमाध्यमावर सर्वांसाठी लिहिला, त्याला त्या क्रमांकाबाबत या कायद्याचे छत्र दुबळे ठरते. शोधसुलभतेच्या दृष्टीने ही कायद्यातील सर्वांत मोठी फट म्हणता येईल.

याच अधिनियमाने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी व्यापक लोकहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची मुभा त्याच कलमात होती. आता वैयक्तिक माहिती सरसकट वगळली गेली असून लोकहिताचा आधार कलम ८(२) मध्ये शोधावा लागतो. खासगीपणाच्या नावाखाली सार्वजनिक कारभारावर पडदा पडेल, अशी टीका माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी केली आहे व ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मतदारयादीच्या वादात हा ताण स्पष्ट दिसतो. यादीत नाव, वय, वडिलांचे किंवा पतीचे नाव व घर क्रमांक असतो. निवडणूक आयोग ती संकेतस्थळावर चित्ररूप पीडीएफमध्ये ठेवतो, म्हणजे ती पाहता येते पण शब्दशोध करता येत नाही. शोधण्याजोग्या स्वरूपात यादी मिळावी ही मागणी कमलनाथ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य केली. दुबार व बनावट नावे पकडायला हे स्वरूप अडचणीचे ठरते, असा राजकीय पक्षांचा आक्षेप आहे. चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावली आता सहज उपलब्ध असल्याने हा अडसर प्रामाणिक अभ्यासकाला त्रास देतो आणि साधनसंपन्न व्यक्तीला फारसा रोखत नाही, हेही खरे.

एखाद्या स्त्रीचा नकार असूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे अथवा तिच्या आंतरजालीय वावरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

अन्य देशांतील उपाय

युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी दिलेला निकाल शोधसुलभतेवर थेट बोट ठेवतो. एका स्पॅनिश नागरिकाच्या घराच्या लिलावाची १९९८ मधील सूचना त्याचे नाव शोधताच गूगलवर येत असे. न्यायालयाने वृत्तपत्रातील मूळ मजकूर राहू दिला, पण नावाच्या शोधातून त्याचा दुवा काढण्याचा हक्क मान्य केला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय विदा संरक्षण नियमावलीमुळे संकेतस्थळांच्या नोंदणीतील मालकांचे पत्ते व क्रमांक, जे तोवर ‘हूइज’ या सेवेत कोणालाही दिसत, बव्हंशी झाकले गेले.

संरक्षणाचे उपाय

पहिली पायरी म्हणजे स्वतःचा शोध घेणे. क्रमांक अवतरणचिन्हांत, देशाच्या संकेतांकासह व त्याविना, मध्ये जागा सोडून, आणि मराठी माणसाच्या बाबतीत देवनागरी अंकांतही शोधावा लागतो. नावाचेही रोमन व देवनागरी असे दोन्ही शोध घ्यावे लागतात. माहिती सापडल्यास प्रथम मूळ संकेतस्थळाच्या चालकास ती काढण्याची लेखी विनंती करणे श्रेयस्कर, कारण शोधयंत्रातून दुवा गेला तरी मूळ पान राहते. गूगलने एप्रिल २०२२ पासून दूरध्वनी, ई-मेल व घराचा पत्ता दाखवणारे दुवे काढण्यासाठी विनंत्या स्वीकारण्यास सुरुवात केली. ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर क्रमांक यादीतून वगळण्याची सोय आहे. तेथे खाते असल्यास आधी ते बंद करावे लागते. क्रमांकावरून आपल्याला कोणी शोधावे, हे ठरवण्याची सोय टेलिग्रामच्या सेटिंगमध्येही आहे. विक्री-दूरध्वनी रोखण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते, तर आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या साहाय्य-क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते.

छोट्या जाहिराती, विक्रीचे फलक, दारावरची पाटी यांसाठी वेगळा क्रमांक ठेवणे हा व्यावसायिकांत रूढ असलेला मार्ग आहे. गृहिणी, विद्यार्थी किंवा घरी शिकवण्या घेणाऱ्या शिक्षिका यांना दुसऱ्या क्रमांकाचा खर्च जाचक वाटू शकतो.

संस्थांनी घ्यावयाची काळजी याहून परिणामकारक असते, कारण एका स्मरणिकेत शेकडो माणसे असतात. छापील प्रतीत क्रमांक ठेवून आंतरजालावरील प्रतीतून ते वगळणे, क्रमांकाचे मधले अंक झाकणे, सूची सभासदांना परवलीच्या शब्दाने खुली करणे आणि मेळावा उरकल्यावर ती उतरवणे, एवढ्याने बरीचशी माहिती शोधाबाहेर राहते. अज्ञान मुलांच्या नावापुढे पालकांचा क्रमांक छापण्याची पद्धत शाळांच्या निकालपत्रकांत व शिबिरांच्या याद्यांत अद्याप आढळते. तेथे संपर्कासाठी संस्थेचाच क्रमांक देणे पुरेसे असते.