वर एक, आत एक

दादा कोंडक्यांच्या सिनेमाला नाकं मुरडणाऱ्यांपुढे पैठणच्या एकनाथ महाराजांचं नाव घेतलं, की ते जरा बिचकतात. पण द्वयर्थी मराठी विनोदाचं कूळ शोधत मागे गेलं, तर वाट सोळाव्या शतकातल्या भारुडांपाशीच पोचते.

नाथांचा ‘रोडगा’ घ्या. सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. सासरा परगावी गेलाय, तो तिकडेच खपू दे, सासूला उचल, जाऊ बोडकी होऊ दे, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. शेवटी नवराही नको! ऐकणाऱ्या कित्येक बायांच्या मनातलंच हे. बाई एकटी उरते आणि मग उलगडतं, की ही सून म्हणजे जीव आणि सासरची मंडळी म्हणजे त्याला चिकटलेला प्रपंच. ‘आसक्ती सोडा’ असं प्रवचन झोडलं असतं, तर निम्मे श्रोते पेंगले असते. इथे ते हसता हसता तावडीत सापडतात.

तमाशाने ही युक्ती उलटी फिरवली. भारुडात वर संसार, आत परमार्थ. गौळणीत वर कृष्ण आणि आत चांगलाच संसार. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, साडी नेसलेला पुरुष ‘मावशी’ होऊन मध्ये पडतो आणि दह्यादुधावरून जी खडाजंगी होते, तिच्यात दह्याचा भाव काही कळत नाही. बोलणारा नामानिराळा, अर्थ काढला तो ऐकणाऱ्याने.

असा नामानिराळेपणा राजकारणाला सुचला नसता तरच नवल. सत्यशोधक जलशांनी हा साचा उचलला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. दादाही सेवादलाच्या कलापथकातले. १९६५ मध्ये वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. त्यातले राजा-प्रधान जुने, टोमणे मात्र चालू राजकारणावरचे. सबनीस आणि दादा ही जोडी १९७१ च्या ‘सोंगाड्या’त पडद्यावर आली.

दादांची नक्कल करणाऱ्यांनी पुढे वरचा थरच काढून टाकला; उरला तो नुसता वाह्यातपणा. दादांनी तो थर सांभाळला. सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे खटके उडायचेच, पण ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ या नावात कात्री लावायची तरी कुठल्या शब्दाला?