श्वासनिरीक्षण, नवजात बालकांचे घरगुती

कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा रुग्णालयातून नुकत्याच घरी आलेल्या बाळाच्या श्वासावर घरीच लक्ष ठेवण्याची पद्धत. तिचे दोन प्रकार आहेत : श्वास थांबल्यास गजर करणारे यंत्र (ॲप्निया मॉनिटर) लावणे आणि प्रशिक्षित व्यक्तीने श्वास मोजून न्यूमोनिया वेळीच ओळखणे. महाराष्ट्रात देणग्यांच्या बळावर दुसरा प्रकार रुजला.

यंत्रे : झोपेत होणारे आकस्मिक शिशुमृत्यू टळावेत म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकापासून घरोघरी मॉनिटर लावले गेले, ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांनी ते कुटुंबांना वापरायला दिले. मात्र त्यांनी असे मृत्यू टळतात हे सिद्ध झाले नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या हेतूने मॉनिटर देऊ नयेत, असे स्पष्ट केले. बाळाला उताणे निजवण्याचा साधा उपाय अधिक गुणकारी ठरला. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना डॉक्टर आजही मॉनिटर सुचवतात.

गडचिरोलीचा प्रयोग : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दाईलाही वापरता येईल असे श्वासमापक तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असतात; एक दोन महिन्यांखालील बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर श्वास जलद आहे असे समजायचे. पुढे गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून ३९ गावांत घरोघरी नवजात-सेवा सुरू झाली. फोर्ड आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानांनी तिला अर्थसाहाय्य दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कोल्हापूर आणि सद्यःस्थिती : २०११ पासून केंद्र शासनाने ही घरोघरी नवजात-सेवा ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य-स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातील नवजात कक्षातून घरी गेलेले बाळ गगनबावड्याच्या वाडीवर असो वा शाहूवाडीच्या, त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम गावच्या आशाताईंचे असते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली आहे. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात, कारण नवजाताचा श्वास एकसारखा नसतो. मोजणी ६० किंवा अधिक भरली, तर पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढीच भरली, छाती आत ओढली जात असली किंवा ओठ निळसर दिसले, तर बाळाला ताबडतोब रुग्णालयात हलवावे लागते. शासकीय रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार आणि तेथवरची वाहतूक मोफत आहे.

दानाची दिशा : घरगुती श्वासनिरीक्षणासाठी देणगी देताना वजनकाटा, तापमापक आणि उबदार कपड्यांइतकेच प्रशिक्षणाला महत्त्व द्यायला हवे. जलद श्वास ओळखून पुढचे पाऊल उचलणारी व्यक्ती गावात हजर असेल, तरच साधनांचा उपयोग होतो.