मिथेनॉल : हायड्रोजन आणायचा कुठून?

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात आपण जे स्पिरिट जाळतो त्याला 'मेथिलेटेड स्पिरिट' म्हणतात. या नावामागे ब्रिटनमधला १८५५ सालचा एक कायदा आहे. उद्योगांना अल्कोहोल करमुक्त मिळावे, पण ते कोणी पिऊ नये, म्हणून त्यात लाकडापासून काढलेले स्पिरिट मिसळण्याची ती योजना होती. हे काष्ठ स्पिरिट म्हणजे मुख्यतः मिथेनॉल. ते किती घातक आहे हे मुंबईत २०१५ साली मालवणीच्या विषारी दारूकांडात शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हा पुन्हा दिसले. वर्तमानपत्रांतून आपल्याला मिथेनॉल भेटते ते असे, विष म्हणून. परंतु प्लायवूड चिकटवणारी रेझिने, ॲसेटिक आम्ल, प्लास्टिके अशा कितीतरी वस्तूंचा तो कच्चा माल आहे आणि जगात त्याचे वार्षिक उत्पादन दहा कोटी टनांच्या आसपास पोचले आहे.

लाकूड हवेशिवाय तापवले की कोळसा मागे राहतो आणि वाफा थंड करून एक आंबूस पाणी मिळते. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात या पाण्यातून हे स्पिरिट वेगळे केले होते. त्याची घटना मात्र १८३४ साली द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ठरवली. 'मद्य' आणि 'लाकूड' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी 'मेथिलीन' हा शब्द घडवला. मिथाइल, मिथेन, मिथेनॉल ही सारी त्याचीच संतती. या धंद्यात कोळसा आणि ॲसेटिक आम्लही विकले जाई, म्हणूनच तो टिकला. कारण लाकडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्केच मिथेनॉल हाती लागत असे.

१९२३ साली जर्मनीतल्या लॉइना येथे बीएएसएफ कंपनीने या धंद्याचा पायाच काढून घेतला. मथियास पिअर यांच्या चमूने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडांवरून, सुमारे ३०० वातावरण इतक्या दाबाखाली नेले आणि मिथेनॉल मिळवले. एवढा दाब सोसणारी पात्रे घडवण्याची विद्या कंपनीपाशी आधीच होती, अमोनियाच्या कारखान्यामुळे. जर्मन माल अमेरिकेत पोचताच तिथले लाकूडवाले हादरले. १९२६ साली अमेरिकेने आयात शुल्क वाढवले, पण लवकरच खुद्द अमेरिकन कंपन्याच कृत्रिम मिथेनॉल बनवू लागल्या. आयात शुल्क रसायनशास्त्राला फार काळ अडवू शकत नाही, एवढेच म्हणावे.

आता थोडा हिशेब करू. दहावीच्या विद्यार्थ्यालाही तो जमेल. कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन रेणू मिळाले की मिथेनॉलचा एक रेणू होतो. कोळसा आणि वाफ यांच्या अभिक्रियेतून मात्र एकास एक असेच प्रमाण मिळते. तूट भरायची तर काही कार्बन मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी अभिक्रिया घडवून हायड्रोजन काढावा लागतो, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कागदावर पाहिले तरी कोळशातल्या दर तीन कार्बन अणूंपैकी एक असा वाया जातो. उष्णतेसाठी व विजेसाठी जाळलेला कोळसा वेगळाच. नैसर्गिक वायूचे उलटे आहे. मिथेनच्या एका रेणूपासून वाफेच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात, म्हणजे एक उरतोच. म्हणून एक टन मिथेनॉलमागे कारखान्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या कारखान्यात एका टनाच्या आत राहतो, तर कोळशाच्या कारखान्यात तो तीन टनांच्या आसपास जातो.

वायूकडे बाजार वळला तो १९६६ नंतर. तांब्याचा उत्प्रेरक अधिक चपळ असतो हे ठाऊक होते, पण गंधकाच्या लेशानेही तो निकामी होई. गंधकमुक्त वायू मिळू लागल्यावर ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने बिलिंगहॅम येथे तांबे-झिंक ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरून दाब ५० ते १०० वातावरणांवर आणला. मग जिथे वायू स्वस्त तिथे कारखाने निघाले : त्रिनिदाद, चिली, सौदी अरेबिया, इराण. भारतही आपल्या गरजेचे बहुतेक मिथेनॉल आयातच करत आला आहे. एकविसाव्या शतकात चीनने हा नकाशा बदलला. तिथे कोळसा मुबलक, वायू कमी. २०१० साली बाओटो येथे कोळशापासून मिथेनॉल आणि त्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. जगातले निम्म्याहून अधिक मिथेनॉल चीनमध्ये तयार होऊ लागले, तेही मुख्यतः कोळशापासून. तंत्र पुढे गेले आणि धूर मात्र वाढला!

कमी कार्बनचे मिथेनॉल ही कल्पना जॉर्ज ओला या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने हिरिरीने मांडली. आइसलँडमध्ये भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या विद्युत अपघटनातून मिळवलेला हायड्रोजन यांपासून मिथेनॉल बनवणाऱ्या तिथल्या पहिल्या कारखान्याला त्यांचेच नाव दिले गेले. २०२३ साली मर्स्क कंपनीचे मिथेनॉलवर चालणारे पहिले मालवाहू जहाज समुद्रात उतरले आणि २०२५ साली डेन्मार्कमधील कासो येथे वर्षाला ४२,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. जगाच्या उत्पादनाशी या आकड्याची तुलना वाचकांनी स्वतःच करून पाहावी.

अडचण पुन्हा हायड्रोजनचीच आहे. कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात केली तर दोनऐवजी तीन रेणू हायड्रोजन लागतो आणि त्यातला एक केवळ पाणी होण्यात जातो. एक टन मिथेनॉलला सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो, आणि तो पाण्यातून काढायला नऊ ते दहा हजार युनिट वीज. त्या मिथेनॉलमध्ये साठलेली ऊर्जा मात्र साडेपाच हजार युनिटांएवढीच! कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो तो १.४ टन.

भारतात एनटीपीसीने २०२४ साली विंध्याचल येथील आपल्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातील कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवून दाखवले. ही कामगिरी मोलाची आहे. पण अशा कारखान्याला लागणारी वीज सूर्याची वा वाऱ्याची नसून कोळशाची असेल, तर दर युनिटला जवळजवळ एक किलो या हिशेबाने एका टनामागे नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. सरळ कोळशापासून मिथेनॉल बनवले असते तर गेला असता तीनच टन. म्हणून एखाद्या मिथेनॉलला 'हरित' म्हटलेले दिसले की आम्ही कार्बनचा उगम नंतर विचारतो, आधी विजेचे बिल पाहतो.