शालेय विज्ञानातील उत्क्रांतीविषयक वाद : घुग्घुस परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींचे नगर म्हणून परिचित आहे. येथील दगडी कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातील वनस्पतींपासून निर्माण झाला. त्या काळात विपुल असलेली ग्लॉसॉप्टेरिस ही वनस्पती आज पृथ्वीवर कोठेही जिवंत आढळत नाही. सजीवसृष्टी पालटत आली आहे याचा पुरावा येथील भूगर्भातच आहे. परंतु तो वाचण्याची दृष्टी शाळेतून सर्व विद्यार्थ्यांना मिळते काय, हा प्रश्न अलीकडील वादामुळे महत्त्वाचा ठरला आहे. प्रस्तुत लेखात या वादाची ऐतिहासिक पार्श्वभूमी व त्याचे भारतातील वेगळे स्वरूप यांचा विचार केला आहे.

विदर्भातील जीवाश्म-अभ्यास

या परिसरातील जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक धर्मोपदेशक अग्रभागी होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मकार्य व अध्यापन करीत असतानाच त्यांनी आपले सहकारी हंटर यांच्यासमवेत नागपूरच्या आसपासचे खडक व जीवाश्म अभ्यासले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केले. त्यानंतर चारच वर्षांनी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ओवेन त्याच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचे टीकाकार बनले. शोधणारा धर्मोपदेशक होता आणि वर्णन करणारा डार्विनविरोधक. तरीही पुराव्याचे मोल कमी झाले नाही. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकस्तराचे नामकरण झाले, त्याच स्तरातून बारापासॉरस या महाकाय डायनासोरचे अवशेष मिळाले.

अमेरिकेतील संघर्ष

अमेरिकेत हा वाद प्रामुख्याने न्यायालयात लढला गेला. टेनेसी राज्याच्या १९२५ च्या कायद्याने शाळांत मानवाच्या उत्क्रांतीचे अध्यापन निषिद्ध ठरविले व त्याच वर्षी जॉन स्कोप्स या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये ही शिक्षा तांत्रिक कारणावरून रद्द झाली, कायदा मात्र कायम राहिला. अशी बंदी घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला. उत्क्रांतीसोबत सृष्टिनिर्मितीवादही शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये रद्दबातल ठरला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हे विज्ञान नव्हे, असा निर्वाळा संघीय न्यायालयाने दिला.

भारतातील वाद

भारतात असा उघड संघर्ष दीर्घकाळ दिसला नाही. दशावतारांच्या क्रमात उत्क्रांतीचे सूचन पाहण्याची समन्वयवादी प्रवृत्ती येथे रूढ होती. जानेवारी २०१८ मध्ये मात्र तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असून अभ्यासक्रमात बदल व्हावा, असे मत मांडले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचे खंडन केले. त्या खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास आपल्या सहकाऱ्यास सांगितले. योगायोग असा की, त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या नव्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाने झाला.

दुसरी घटना अधिक शांतपणे घडली. कोरोनाकाळानंतर अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव केवळ ‘आनुवंशिकता’ असे उरले. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे निषेध नोंदविला. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात सविस्तर आहे, असे समर्थन करण्यात आले. ते वस्तुस्थितीस धरून असले, तरी पुरेसे नाही. दहावीनंतर विज्ञान अनिवार्य राहत नाही; वाणिज्य, कला वा तांत्रिक शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची उत्क्रांतीशी शास्त्रीय ओळख होण्याची संधीच हुकते.

समारोप

वरील दोन्ही घटना एकाच हेतूच्या मानणे योग्य होणार नाही. पहिलीत प्रकट मत होते, म्हणून त्याला प्रकट उत्तर मिळाले. दुसरीत केवळ प्रशासकीय सोय होती. अमेरिकेत बंदीचा कायदा असल्याने त्यास आव्हान देता आले, येथे मात्र न शिकविलेल्या धड्याविरुद्ध दाद मागणे कठीण आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. हे कर्तव्य शाळेच्या पायरीवरच दुबळे होऊ नये, ही जबाबदारी अंतिमतः अध्यापकांवर येते. पाठ्यपुस्तकात प्रकरण असो वा नसो, घुग्घुसच्या शिक्षकाला कोळशाचा एक तुकडा हाती घेऊन हा पाठ सुरू करता येईल.