पेशींची पकड आणि प्रतिपिंडांची साक्ष

मनुष्याचें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे, हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. परंतु त्या पेशी एकमेकींस धरून कशाच्या बळावर राहतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. भिंत धड उभी असते तोंवर विटांमधल्या चुन्याची आठवण कोणास होत नाहीं. ती होते भिंत ढासळूं लागल्यावर. कर्करोगाच्या बाबतींत वैद्यकशास्त्राचें असेंच झालें. मूळ जागीं वाढलेली गांठ शस्त्रवैद्य बहुधा कापून काढूं शकतो. रोगी दगावतो तो पुष्कळदां त्या गांठींतून सुटून यकृतांत, फुप्फुसांत वा हाडांत जाऊन रुजलेल्या पेशींमुळें. या पेशी आपला शेजार सोडतात तरी कशा? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास हा मोठ्या अंशानें एका साधनाचा इतिहास आहे. तें साधन म्हणजे अँटीबॉडी. मराठींत त्यास प्रतिपिंड म्हणतात.

प्रतिपिंडाची पहिली ओळख झाली ती रोगाशीं लढणारें द्रव्य म्हणून. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनीं दाखविलें कीं, घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या विषाची संवय झालेल्या जनावराच्या रक्तरसांत त्या विषाचा प्रतिकार करणारें कांहीं द्रव्य उत्पन्न होतें. या द्रव्याचा एक गुण पुढें फार मोलाचा ठरला. घटसर्पाच्या विषास धरणारें प्रतिपिंड धनुर्वाताच्या विषास शिवत नाहीं. किल्ली जशी आपल्याच कुलपास लागते, तसें तें आपल्याच लक्ष्यास चिकटतें. १९४१ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत अल्बर्ट कून्स यांनीं या गुणाचा निराळाच उपयोग केला. त्यांनीं प्रतिपिंडास चकाकणारें रंगद्रव्य जोडलें आणि तें जेथें जाऊन चिकटलें ती जागा सूक्ष्मदर्शकाखालीं उजळलेली पाहिली. लढणारें द्रव्य आतां शोधणारें झालें.

इकडे पेशींच्या पकडीचा विचार वेगळ्याच वाटेनें चालला होता. १९०७ सालीं अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच्. व्ही. विल्सन यांनीं समुद्रांतील जिवंत स्पंज रेशमी कापडांतून पिळून काढला. त्याच्या पेशी सुट्या झाल्या. पण थोड्याच अवधींत त्या पुन्हां एकमेकींस शोधून एकत्र आल्या व त्यांतून नवा स्पंज उभा राहिला. १९४४ सालीं फिलाडेल्फिया येथील डेल कोमन यांनीं अतिसूक्ष्म सुयांनीं पेशींच्या जोड्या ओढून त्या विलग करण्यास किती जोर लागतो, हें मोजलें. निरोगी पेशींच्या मानानें कर्करोगाच्या पेशी फारच सहज सुटल्या. पकड ढिली होते हें सिद्ध झालें. पण ढिलें काय होतें, तें मात्र अज्ञातच राहिलें.

त्याचा धागा एका लहानशा विसंगतींतून हातीं आला. क्योतो येथील मासातोशी ताकेइची हे १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. पेशी सुट्या करण्यास ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य वापरण्याची रीत आहे. क्योतोंत अशा सुट्या केलेल्या पेशी पुन्हां झटपट चिकटत. बाल्टिमोरमध्यें त्या चिकटेनात. शोध घेतां कळलें कीं, तेथील ट्रिप्सिनच्या द्रावणांत कॅल्शियम काढून घेणारें एक रसायन मिसळलेलें असे. कॅल्शियम असलें म्हणजे पकडीचें प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावतें, आणि तें नसलें म्हणजे त्याचे तुकडे होतात, असा याचा अर्थ होता. १९७७ सालीं ताकेइची यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आतां हजारों प्रथिनांतून तें एक प्रथिन ओळखावयाचें कसें? येथें प्रतिपिंड कामास आलें. युक्ति अशी: पेशींच्या पृष्ठभागाविरुद्ध प्रतिपिंडें तयार करावीं, तीं पेशींवर सोडावीं, आणि कोणत्या प्रतिपिंडामुळें पेशींचें चिकटणें थांबतें तें पाहावें. ज्याला तें धरून बसलें, तेंच पकडीचें प्रथिन. परंतु यांत एक अडचण होती. प्रतिपिंडास दोन हात असतात. दोन हातांनीं दोन पेशी धरून तें स्वतःच त्यांची मोळी बांधतें. म्हणून जर्मनीमध्यें गुंथर गेरिश यांनीं एकाच हाताचे प्रतिपिंडाचे तुकडे वापरण्याची रीत घालून दिली. न्यूयॉर्क येथें जेराल्ड एडेलमन यांनीं हीच रीत कोंबडीच्या गर्भांतील मज्जापेशींवर चालविली आणि त्यांना एकत्र ठेवणारें प्रथिन १९७७ च्या सुमारास वेगळें काढलें. प्रतिपिंडाची घडण उलगडल्याबद्दल १९७२ सालीं रॉडनी पोर्टर यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळविणारे एडेलमन ते हेच.

तरीही जनावराच्या रक्तरसांत नाना लक्ष्यांचीं प्रतिपिंडें एकत्र मिसळलेलीं असतात, हा दोष राहिलाच होता. तो १९७५ सालीं केंब्रिज येथें केलर व मिलस्टीन यांनीं दूर केला. प्रतिपिंड बनविणाऱ्या उंदराच्या पेशीचा त्यांनीं कर्करोगाच्या अमर पेशीशीं संयोग घडविला. त्या संकरांतून एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें मिळूं लागलें. त्यास मोनोक्लोनल म्हणतात. कर्करोगाचीच पेशी अशा रीतीनें कर्करोगाच्या तपासास साहाय्यभूत झाली. ताकेइची यांच्या मंडळानें १९८४ सालीं असेंच एक मोनोक्लोनल प्रतिपिंड बनविलें. तें सोडतांच पेशींचे थर विस्कळित झाले. त्यानें धरलेल्या प्रथिनास कॅल्शियमवरून कॅडहेरिन असें नांव पडलें. शरीरांतील पोकळ अवयवांच्या अस्तराच्या पेशींत आढळणारें तें ई-कॅडहेरिन. फ्रान्समध्यें फ्रान्स्वा झाकोब यांच्या प्रयोगशाळेंत दुसऱ्या नांवानें सांपडलेलें प्रथिनही हेंच निघालें.

याचा कर्करोगाशीं संबंध १९८९ सालीं उघड झाला. जर्मनीतील वाल्टर बिर्शमायर आणि त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या शिस्तीनें वाढणाऱ्या पेशी घेतल्या व प्रतिपिंडानें त्यांची पकड अडविली. एरवीं आपली जागा न सोडणाऱ्या त्या पेशी शेजारच्या पदार्थांत घुसूं लागल्या. त्यानंतर जगभरच्या विकृतिशास्त्रज्ञांनीं रोग्यांच्या शरीरांतून काढलेल्या गांठींचे पातळ काप हींच प्रतिपिंडें लावून तपासले. जेथें ई-कॅडहेरिन असतें तेथें पेशीभोंवतीं तपकिरी रेघ उमटते. स्तनांतील दुग्धनलिकांच्या नेहमींच्या कर्करोगांत ती रेघ बहुधा टिकून असते. पण ज्यांत पेशी एकामागून एक अशा ओळीनें सुट्या पसरतात, त्या लोब्युलर प्रकारांत ती बहुधा नाहींशी होते. १९९५ सालीं त्याचें कारणही दिसलें: या गांठींत ई-कॅडहेरिनचें जनुकच बिघडलेलें होतें.

मात्र ही साक्ष जपून घ्यावी लागते. रंग उमटला नाहीं तर प्रथिनच नाहीं, कीं रंगविण्याची क्रियाच फसली? म्हणून त्याच कापांतील निरोगी पेशींवर रेघ उठली आहे ना, हें आधीं पाहावयाचें असतें. शिवाय पकड सुटली म्हणजे रोग पसरलाच, असाही सरळ नियम नाहीं. २०१९ सालीं बाल्टिमोर येथीलच जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, स्तनाच्या कर्करोगाच्या कांहीं प्रकारांत ई-कॅडहेरिन गमावलेल्या पेशी बाहेर पडतात अधिक, पण जगतात कमी. दूरच्या अवयवांत रुजण्यास त्यांना तीच जुनी पकड उपयोगी पडते.

असें असलें तरी ज्यांच्या घरांत हा दोष रक्तांतूनच उतरतो, त्यांना या इतिहासाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या माणसें जठराच्या कर्करोगानें ऐन उमेदींत जात होतीं. त्या कुटुंबानें ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफोर्ड प्रभृति संशोधकांशीं हात मिळविले, आणि १९९८ सालीं दोष सांपडला तो ई-कॅडहेरिनच्या जनुकांत. हा रोग गांठ न बांधतां अस्तराखालीं एकेकट्या पेशींनीं पसरतो. म्हणून दुर्बिणीच्या तपासणींत तो पुष्कळदां निसटतो. जनुकाचा दोष आढळलेल्या कित्येकांनीं कोणतेंही दुखणें नसतांना आपलें जठर काढून घेण्याचा कठीण निर्णय घेतला. अशा वरकरणीं निरोगी जठरांचे काप पाहतां त्यांत रोगाचे बारीक ठिपके वारंवार आढळले, आणि प्रतिपिंडें लाविलीं तेव्हां त्या ठिपक्यांतून ई-कॅडहेरिनची रेघ पुसट झालेली वा अजिबात नाहींशी झालेली दिसली. ती माणसें आज थोडें थोडें करून दिवसांतून अनेकदां जेवतात. आपल्या आजा-आजींना जें वय लाभलें नाहीं, तें त्यांच्यांतील पुष्कळांना लाभत आहे.